टेल्युराइट लेसर-काच: मफल भट्टीपासून मोजमापापर्यंत

सिलिका काच इन्फ्रारेडमध्ये साधारण साडेतीन मायक्रॉनपर्यंतच साथ देते. त्यापुढे तिची स्वतःची कंपनं प्रकाश गिळायला लागतात. लेसरसाठी तिची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. काचेत घातलेल्या एर्बियम या दुर्मिळ मृदा मूलद्रव्याचं २.७ मायक्रॉनचं उत्सर्जन ज्या दोन पातळ्यांमधून होतं, त्यांच्यात सुमारे ३६०० प्रति सेंटिमीटर (इथे हे ऊर्जेचं एकक) एवढं अंतर आहे. सिलिकाचं सर्वात जोरदार कंपन ११०० प्रति सेंटिमीटरचं, म्हणजे तीन-साडेतीन कंपनांत ती ऊर्जा उष्णता होऊन संपते. टेल्युराइट, म्हणजे टेल्युरियम डायऑक्साइडच्या, काचेत कंपनं ७५० ते ७८० ची असतात, म्हणून पाचेक लागतात. झेडब्लॅन नावाच्या फ्लोराइड काचेत सहा लागतात. जितकी जास्त कंपनं लागतील तितकी प्रकाश बाहेर पडण्याची शक्यता जास्त. कोणत्या तरंगलांबीला कोणती काच घ्यायची, याचा निर्णय मुख्यतः या भागाकाराने होतो.

हा लेख टेल्युराइट काच स्वतः वितळवून, ओतून, घासून, मोजून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले एम.एस्सी.चे विद्यार्थी, शिक्षक आणि उद्यमबाग-मच्छे या औद्योगिक वसाहतींतले जिज्ञासू कारागीर डोळ्यांसमोर आहेत. मफल भट्टी (विजेवर तापणारी बंद पेटीसारखी भट्टी), चांगला तराजू, लेथवर कापलेला पितळी साचा आणि धारवाड किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठातली उपकरणं एवढ्यावर हे काम होतं. कृती कागदावर सोपी आहे. काच चांगली की वाईट हे ठरतं दोन गोष्टींवर: तिच्यात पाणी किती राहिलं, आणि ती गार कशी झाली.

कोणती काच करायची, कोणती विकत घ्यायची

१९६१ साली एलायस स्निट्झरने निओडिमियम घातलेल्या काचेतून पहिला काच-लेसर चालवला. तेव्हापासून लेसर-काचांची घराणी वाढत गेली, पण सगळी घरी करण्यासारखी नाहीत.

१.५ मायक्रॉनचा छोटा अंतरमापक लेसर करायचा असेल, तर एर्बियम-इटर्बियम फॉस्फेट काच विकत घ्या. इथे टेल्युराइटच्या नादी लागू नका. फॉस्फेटची कंपनं मोठी, १२०० च्या आसपास. त्यामुळे इटर्बियमने बाहेरचा प्रकाश शोषून दिलेली ऊर्जा एर्बियमच्या वरच्या पातळीवरून झटकन खाली उतरते आणि माघारी जात नाही. टेल्युराइटमध्ये ती वरच रेंगाळते, मग काच हिरवी चमकते आणि १.५ मायक्रॉनचा वाटा कमी होतो. अशा लेसरमध्ये कोबाल्ट घातलेल्या स्पिनेल स्फटिकाची पातळ चकती क्यू-स्विच (ऊर्जा साठू देऊन एकदम सोडणारी झडप) म्हणून बसवतात. सगळं मिळून बोटाच्या पेराएवढं होतं, पण फॉस्फेट वितळवायला प्लॅटिनमची मूस लागते आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात तर त्याची बाटली उघडणंही कठीण.

झेडब्लॅनच्या घराण्यातली पहिली काच १९७०च्या दशकात फ्रान्समधल्या रेन इथे पुलॅं बंधूंना सापडली. झेडब्लॅन अतिकोरड्या बंद पेटीतच वितळवावी लागते. गंधक, सेलेनियम, आर्सेनिकच्या चाल्कोजेनाइड काचा तर हवा काढलेल्या सीलबंद क्वार्ट्झ नळीत करतात. नळी फुटली तर विषारी वाफ आणि आग दोन्ही एकदम. थर्मल कॅमेऱ्याच्या ८ ते १२ मायक्रॉनच्या भिंगासाठी त्याच लागतात, पण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्या करू नयेत. आमचा यावर दुसरा सल्ला नाही.

टेल्युराइट उघड्या मफल भट्टीत ८०० °से.ला वितळते, ५ मायक्रॉनच्या आसपासपर्यंत पारदर्शक असते, अपवर्तनांक सुमारे २.० आणि दुर्मिळ मृदा भरपूर सामावून घेते. २ मायक्रॉनचे थुलियम लेसर, रुंद पट्ट्याचं प्रवर्धन, मध्य-इन्फ्रारेड तंतू ही तिची खरी क्षेत्रं.

मिश्रणाचा हिशोब

टेल्युरियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि सोडियम ऑक्साइड ७५:२०:५ या मोल प्रमाणात घेतले की बनणारी काच या घराण्यातली सर्वात समजूतदार. त्यात अर्धा मोल टक्का एर्बियम ऑक्साइड टेल्युरियमच्या वाट्यातून घालायचं, म्हणजे ७४.५ : २० : ५ : ०.५.

रेणुभार असे धरा: टेल्युरियम डायऑक्साइड १५९.६०, झिंक ऑक्साइड ८१.३८, सोडियम ऑक्साइड ६१.९८, एर्बियम ऑक्साइड ३८२.५२. प्रत्येकाला त्याच्या मोलने गुणून बेरीज केली की १४०१८.९६ येते. २० ग्रॅम काचेसाठी त्याच प्रमाणात वाटणी केली की:

टेल्युरियम डायऑक्साइड १६.९६३ ग्रॅम
झिंक ऑक्साइड २.३२२ ग्रॅम
सोडियम कार्बोनेट ०.७५६ ग्रॅम
एर्बियम ऑक्साइड ०.२७३ ग्रॅम

सोडियम ऑक्साइड बाटलीत मिळत नाही, म्हणून ते कार्बोनेटच्या रूपात घालतात. काचेत ०.४४२ ग्रॅम ऑक्साइड हवं, त्याला १०५.९९ भागिले ६१.९८ ने गुणलं की ०.७५६. उरलेला ०.३१४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणून मिश्रण भरेल २०.३१४ ग्रॅम आणि काच होईल २० ग्रॅम. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, पुढे तपासणीला लागेल.

या प्रमाणात एक घन सेंटिमीटर काचेत एर्बियमचे सुमारे २.३ गुणिले १० चा २० वा घात एवढे आयन बसतात. मोजमापासाठी हे पुरेसं आहे. पहिल्याच वेळी २ मोल टक्के घालण्याचा मोह होतो, कारण काच सुंदर गुलाबी दिसते. पण आयन जवळ आले की एकमेकांना ऊर्जा देत बसतात, आयुर्मान (आयन वरच्या पातळीवर टिकण्याचा वेळ) पडतं, आणि दोष पाण्याचा की गर्दीचा हे कळत नाही.

शुद्धता: टेल्युरियम डायऑक्साइड आणि एर्बियम ऑक्साइड ९९.९९ टक्के, बाकी दोन ९९.९ टक्के. सोडियम कार्बोनेट निर्जल, प्रयोगशाळेच्या प्रतीचं. किराणा दुकानातल्या धुण्याच्या सोड्यात तर पाणीच जास्त, तो इथे चालत नाही. निर्जल सोडाही बाटली वारंवार उघडली की पाणी घेतो. पूर्ण मोनोहायड्रेट झाला तर त्यात साडेचौदा टक्के पाणी असतं आणि काचेतलं सोडियम तेवढ्याच प्रमाणात कमी पडतं.

म्हणून वजन करण्याआधी सगळं वाळवायचं. सोडियम कार्बोनेट २५० °से.ला ४ तास, टेल्युरियम डायऑक्साइड २०० °से.ला तेवढाच वेळ, झिंक ऑक्साइड ५०० °से.ला २ तास. एर्बियम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड हळूहळू धरून ठेवतं, त्याला ८५० ते ९०० °से.ला २ तास द्या. नंतर सगळं डेसिकेटरमध्ये (आत सिलिका जेल ठेवून हवा कोरडी राखणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. सिलिका जेलचा रंग उतरलेला असेल तर तो डेसिकेटर म्हणजे नुसती काचेची बरणी. जेल आधी १२० °से.ला परतून घ्या.

लोखंड

लोखंडाला वेगळं शीर्षक द्यावं लागतं, कारण आपल्याकडे ते सगळीकडे आहे. फाउंड्रीतली काळी धूळ लोखंडाची, आणि खानापूरकडची तांबडी माती जांभ्याची, तीही लोखंडाचीच. दुचाकी रस्त्यावरून गेली की खिडकीतून आत येते ती हीच. दोन संयुजेचं लोखंड १ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतं, नेमका आपण ९८० नॅनोमीटरने पंप करतो, म्हणजे बाहेरून प्रकाश देऊन ऊर्जा भरतो, तिथे. तांबं ८०० च्या आसपास शोषतं.

मिश्रण अकीकाच्या खलातच घोटा. ओतीव लोखंडाचा खल, फाउंड्रीतली चाळणी, गंजलेला चमचा, काहीही नको. वजन करताना खिडक्या बंद आणि पंखा बंद ठेवा. वीस मिनिटं घोटलं की पूड एकसारखी दिसते. एर्बियम ऑक्साइड आधी थोड्या टेल्युरियम डायऑक्साइडमध्ये घोटून मग उरलेल्यात मिसळा, म्हणजे त्याचे ठिपके राहत नाहीत.

आणि हातमोजे, मुखपट्टी, धूर ओढणारं कपाट. टेल्युरियम शरीरात गेलं की श्वासाला आणि घामाला लसणासारखा वास येतो आणि तो बरेच दिवस जात नाही. घरच्यांनी विचारलं की आज काय खाल्लंस, तर समजा की कपाटाचा पंखा नीट ओढत नाही.

भट्टी आणि मूस

दोन भट्ट्या हव्यात. एक वितळवायला, १००० °से.पर्यंत जाणारी. दुसरी साचा तापवायला आणि अनीलिंगला (ओतलेली काच सावकाश गार करून तिच्यातला ताण घालवायला), ५०० पर्यंतची पुरते. दुसरीचा तापमापक जास्त अचूक लागतो, हे बऱ्याच जणांना उलट वाटतं. वितळवताना १० अंशांची चूक चालून जाते. अनीलिंगमध्ये १५ अंश चुकले तर काचेतला ताण तसाच राहतो किंवा काच साच्याला चिकटते.

तपासायची सोपी पद्धत अशी: शुद्ध जस्ताचा छोटा तुकडा लहान मुशीत ठेवून भट्टी मिनिटाला एका अंशाने वाढवा आणि तो कधी वितळतो ते पाहा. जस्त ४१९.५ °से.ला वितळतं, कथील २३१.९ ला. दोन बिंदू मिळाले की मधल्या ३०० ची चूक काढता येते. भट्टीत काच ज्या जागी बसणार, नेमकी त्याच जागी हे करा. दाराजवळ आणि मागच्या भिंतीजवळ तापमान वेगळं असतं.

मूस: प्लॅटिनम परवडत असेल तर उत्तम, पण त्याला एक धोका आहे. मिश्रणात कागदाचा कपटा, केस, तेलाचा थेंब गेला तर टेल्युरियमचं ऑक्साइड ऑक्सिजन गमावून धातू बनतं, आणि तो धातू प्लॅटिनममध्ये मुरून मुशीला भोक पाडतो. लाखाचं नुकसान एका केसाने. सोन्याच्या मुशीत हा त्रास कमी, पण ती १०६४ °से.ला वितळते, म्हणून भट्टीचा कंट्रोलर बिघडला तर मूसच ओतली जाईल.

शिकण्यासाठी ३० मिलिलिटरची, ९९ टक्क्यांहून शुद्ध ॲल्युमिनाची मूस घ्या. बेळगावात ॲल्युमिनाचा मोठा कारखाना असला तरी मूस मात्र प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातूनच मागवावी लागते. या मुशीचं ॲल्युमिना वितळलेल्या काचेत थोडं थोडं विरघळतं. एका तासात चालण्यासारखं, तीन तासांत नाही. ते जास्त गेलं की घनता कमी आणि मऊ होण्याचं तापमान जास्त येतं. एका मुशीत एकच मिश्रण करा. एर्बियमच्या मुशीत थुलियम नको. चिनी मातीची मूस अजिबात नको.

पाणी बाहेर कसं काढायचं

उघड्या हवेत वितळवलेल्या टेल्युराइटमध्ये हायड्रॉक्सिल गट, म्हणजे पाण्याचे अवशेष, राहतातच. त्यांचं शोषण ३ ते ३.४ मायक्रॉनच्या दरम्यान पसरतं. एर्बियमची १.५ मायक्रॉनची पातळी ६५०० प्रति सेंटिमीटरवर आहे आणि या गटाचं कंपन सुमारे ३००० चं. दोन कंपनांत एर्बियम रिकामं. म्हणजे काच ३ मायक्रॉनला वापरायची नसली तरी पाण्याचा त्रास १.५ मायक्रॉनला होतोच.

यावर पहिला उपाय दिनदर्शिकेत आहे. वितळवण्याची सगळी कामं जानेवारी ते मार्चमध्ये उरका. एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवशी हवा दुपारनंतर दमट होते, तेव्हा सकाळी करा. जून ते सप्टेंबर फक्त घासणं, पॉलिश आणि मोजमाप. कणकुंबी-जांबोटीकडे राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा उपाय म्हणजे भट्टीत कोरडा ऑक्सिजन सोडणं. फॅब्रिकेशनच्या दुकानांतून मिळणाऱ्या सिलिंडरचा ऑक्सिजन चालतो, पण तो थेट नको. ३०० °से.ला रात्रभर तापवून घेतलेल्या ४ए मॉलिक्युलर सीव्हच्या (पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या) हातभर लांब नळीतून न्या, मग ॲल्युमिनाच्या नळीने मुशीच्या तोंडावर, मिनिटाला अर्धा लिटर. रेग्युलेटर, नळी किंवा सांध्याला तेल-ग्रीस लागलेलं नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. वेल्डिंगच्या जुन्या सेटचा रेग्युलेटर उसना आणण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. ऑक्सिजनचा दुसरा फायदा असा की टेल्युरियम धातू होत नाही.

तिसरा उपाय पुस्तकी आहे: झिंक ऑक्साइडचा काही भाग झिंक फ्लोराइडने बदलायचा. फ्लोरिन पाण्याशी जोडून हायड्रोजन फ्लोराइड वायू बनतो आणि निघून जातो. काच फार कोरडी होते, पण तो वायू हाडांपर्यंत जखम करतो आणि भट्टीच्या विटाही खातो. वायू धुणारी यंत्रणा नसेल तर हा मार्ग बंद समजा.

वितळवणं आणि ओतणं

मिश्रण मुशीत भरताना निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका, कार्बोनेट फसफसतं. वर ॲल्युमिनाचं झाकण थोडं तिरकं ठेवा. नाहीतर भट्टीच्या छतावरची विटेची भुकटी काचेत पडते आणि दगडी ठिपका म्हणून कायमची राहते.

मिनिटाला ५ अंशांनी ६३० °से.पर्यंत न्या, तिथे अर्धा तास थांबा. कार्बन डायऑक्साइड इथे निघून जातो. घाई केली तर तो दाट रसात अडकतो आणि बारीक बुडबुडे शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. मग ८०० °से., तिथे ४५ मिनिटं ते एक तास. दर १५ मिनिटांनी सांडशीने मूस धरून हलकं गोल फिरवा, अन्यथा जड एर्बियम खाली आणि वर वेगळी काच अशी अवस्था होते. ८५० च्या वर नेऊ नका, टेल्युरियम डायऑक्साइड उडू लागतं. शेवटी ७२० °से.वर आणून १५ मिनिटं शांत ठेवा. रस थोडा दाट होतो, बुडबुडे वर येतात आणि ओतताना झटकाही कमी बसतो.

साचा आधीच दुसऱ्या भट्टीत २८० °से.ला तापत असायला हवा. पितळेचा दोन भागांचा साचा, आतली पोकळी २० गुणिले २० गुणिले ८ मिलिमीटर, भिंती १२ ते १५ मिलिमीटर जाड आणि बाजूंना २ ते ३ अंशांचा उतार. या पोकळीत ३.२ घन सेंटिमीटर म्हणजे सुमारे १७ ग्रॅम काच बसते. उरलेली मुशीला चिकटून राहते. कारागिराला सांगताना उतार विसरू नका, सरळ भिंतीच्या साच्यातून काच तोडूनच काढावी लागते. लेथचं कटिंग ऑइल ॲसिटोनने दोनदा पुसा. राहिलेलं तेल जळून कार्बन होतो आणि काचेच्या तळाला काळे डाग पडतात. ते डाग कार्बनचे कमी आणि टेल्युरियम धातूचे जास्त. प्रत्येक वापराआधी पितळावरची ऑक्साइडची साय १२०० च्या कागदाने काढा.

फाउंड्रीत रस ओतलेल्या माणसाचा हात इथे उपयोगी पडतो, फक्त त्याने एक सवय सोडावी. इथे रस वरून धारेने पाडायचा नाही, मुशीचं तोंड साच्याच्या काठाजवळ नेऊन तीन ते पाच सेकंदांत एका दमात ओतायचा. थांबून ओतलं की थरांच्या रेषा पडतात, आणि प्रकाशात धरल्यावर मधाच्या धारेसारख्या लहरी दिसतात. त्या घासून जात नाहीत.

साचा २२० च्या खाली असेल तर काच कोपऱ्यांपासून तडकते. ३२० च्या वर असेल तर पितळेला चिकटते. ओतल्यावर दहा-पंधरा सेकंदांत पृष्ठभाग घट्ट होतो, लगेच साच्यासकट अनीलिंगच्या भट्टीत. रिकामी मूस थंड लोखंडी टेबलावर ठेवाल तर ती फुटेल. उष्णतारोधक विटेवर ठेवा.

काच गार झाल्यावर मूस, उरलेली काच आणि ओतलेला तुकडा सगळं मिळून वजन करा. मिश्रणातून ०.३१४ ग्रॅमची तूट अपेक्षित आहे. तूट अर्ध्या ग्रॅमवर गेली असेल तर एकतर मिश्रणात पाणी होतं, नाहीतर टेल्युरियम उडालंय. दोन्हीत काचेचं प्रमाण तुम्ही लिहिलंय ते राहिलेलं नाही.

अनीलिंग आणि हेस्कॉम

या काचेचं मऊ होण्याचं तापमान ३०० °से.च्या आसपास, आणि प्रसरण खिडकीच्या काचेच्या जवळजवळ दुप्पट. त्यात उष्णता वाहण्याचा वेग कमी. बाहेरचा थर गार, आतला गरम, मधे ताण. अनीलिंग न केलेला तुकडा हातात सुंदर दिसतो आणि करवतीवर ठेवला की दोन होतात.

२९५ °से.ला ३ तास ठेवा. मग २०० पर्यंत मिनिटाला अर्धा अंश, त्याखाली ५० पर्यंत मिनिटाला एक अंश. एकूण नऊ तास. दार ५० च्या खाली गेल्यावरच उघडा, उत्सुकता कितीही असो.

नऊ तासांत हेस्कॉमची (इकडची वीज कंपनी) लाईट जाण्याची शक्यता धरूनच चाला. तीन किलोवॉटची भट्टी यूपीएसवर चालत नाही, पण कंट्रोलर छोट्या यूपीएसवर लावता येतो, म्हणजे कार्यक्रम पुसला जात नाही. कंट्रोलरमध्ये वीज गेल्यानंतरचं वर्तन ठरवायची सोय असते. ते ‘पुढे चालू’ वर ठेवा, ‘पहिल्यापासून’ वर नको, नाहीतर गार होत आलेली काच पुन्हा वेगाने तापते. लाईट गेली तर दार उघडू नका. जाड विटेची बंद भट्टी ३०० वरून स्वतः हळूच गार होते, काच बहुतेक वेळा वाचते. खरा धोका ओतण्याच्या वेळचा. साचा तापलेला नसताना रस थांबवून ठेवला, तर ६०० ते ४०० च्या उतारात तो पांढरा पडतो. अशा वेळी ओतूच नका. मुशीतच गार होऊ द्या आणि वीज आल्यावर पुन्हा ८०० ला न्या, एकदा चालतं.

ताण तपासायला बिघडलेल्या एलसीडी पडद्यातून काढलेल्या दोन पोलराइड फिल्म पुरतात. त्या एकमेकींवर आडव्या धरून अंधार करा आणि मधे काच ठेवा. कडेला किंवा मधोमध उजळ पट्टे दिसले की पुन्हा अनीलिंग.

कापणं, घासणं

हिऱ्याच्या पात्याची मंद करवत आणि हलकं तेल. टाइल्स कापायच्या यंत्रावर प्रयत्न करू नका. तुकडा मेणाने चिकटवताना आणि सोडवताना हॉटप्लेट सावकाश तापवा. गरम प्लेटवर थंड काच ठेवली की संपलं.

सिलिकॉन कार्बाइडचे कागद ४००, ८००, १२००, २००० या क्रमाने. प्रत्येक पायरीवर आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि दिशा काटकोनात बदला. मग १ मायक्रॉनचं सिरियम ऑक्साइड किंवा ॲल्युमिना, मऊ पॅडवर, कमी दाबाने. ही काच मऊ आहे, जोर लावला की कडा गोल होतात. सराफ गल्लीत मिळणारी लाल पॉलिश पूड म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, ती नको. टेल्युराइटला थोडं पाणी चालतं, पण शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलने मारा.

मोजमाप

धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात बाहेरच्यांचे नमुने मोजून देणाऱ्या केंद्रीय उपकरण सुविधा आहेत. नमुना पाठवण्याआधी यूव्ही-व्हिस उपकरण (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश आरपार जातो ते मोजणारं) १६०० नॅनोमीटरच्या पुढे जातं का, हे विचारून घ्या. नाहीतर ८०० वर थांबलेला आलेख हातात येतो.

घनता घरीच मोजा, आर्किमिडीजच्या पद्धतीने. ५.३ ते ५.४ आली पाहिजे. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी अणूंची रचना पाहण्याची चाचणी) २५ ते ३५ अंशांच्या आसपास रुंद फुगवटा दिसला तर ती काच. टोकदार शिखरं म्हणजे आत स्फटिक. डीएससीत (तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं उपकरण) मिनिटाला १० अंशांनी तापवून मऊ होण्याचं आणि स्फटिक होण्याचं तापमान घ्या. दोहोंत १०० अंशांहून जास्त अंतर असेल तर या काचेतून तंतू ओढण्याचा विचार करता येईल.

पारगमनाचा आलेख पाहून पहिली निराशा इथे येते: काच स्वच्छ, पण आलेख ८० टक्क्यांच्या वर जात नाही. जाणारही नाही. अपवर्तनांक २ असल्यामुळे प्रत्येक पृष्ठभागावरून ११ टक्के प्रकाश परततो आणि दोन्ही मिळून वरची मर्यादा ८० टक्केच पडते. ७६ ते ७८ आलं तर पॉलिश उत्तम झालंय. एर्बियमचे खड्डे ४८८, ५२१, ६५२, ८००, ९७७ आणि १५३२ नॅनोमीटरला दिसायला हवेत. त्याखेरीज १ मायक्रॉनला रुंद उतार दिसला तर लोखंड.

पाण्यासाठी एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेडमधलं पारगमन मोजणारं उपकरण. समजा तुकडा ४ मिलिमीटर जाड, २.५ मायक्रॉनला पारगमन ७६ टक्के आणि ३.३ ला ३८. दोघांचा भागाकार २, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम ०.६९३, भागिले ०.४ सेंटिमीटर, म्हणजे १.७३ प्रति सेंटिमीटर. परावर्तनाचा तोटा दोन्हीकडे सारखा असल्याने तो आपोआप वगळला जातो. उघड्या हवेतल्या काचेत आकडा एक-दोनच्या घरात असतो. कोरड्या ऑक्सिजनमध्ये तो ०.५ च्या खाली आणणं हे पहिल्या हंगामाचं रास्त लक्ष्य.

शेवटी ९८० नॅनोमीटरचा डायोड. तो डोळ्याला दिसत नाही आणि डोळा जाळतो. ९८० ला किमान ५ ऑप्टिकल डेन्सिटी (प्रकाश किती अडवला जातो त्याचं माप) लिहिलेला चष्मा घातल्याशिवाय चालू करू नका. वेल्डिंगचा चष्मा यासाठी नाही. काच ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरला हिरवी उजळेल, थोडी ६६० ला लाल. १.५ मायक्रॉनच्या पातळीचं आयुर्मान ३ ते ४ मिलिसेकंद यायला हवं. सिलिकात ते १० आणि फॉस्फेटमध्ये ८ च्या आसपास असतं, म्हणून त्या आकड्यांशी तुलना करून खट्टू होऊ नका. १ मिलिसेकंद आलं तर आधी एफटीआयआरचा आकडा पाहा. उलट ५-६ आलं तर आनंदही करू नका. जाड तुकड्यात उत्सर्जित प्रकाश पुन्हा शोषला जाऊन बाहेर पडतो आणि आयुर्मान खोटं लांबतं. अर्धा मिलिमीटरचा पातळ तुकडा घ्या, पंप कडेजवळ लावा आणि पुन्हा मोजा.

एर्बियमच्या जागी थुलियम ऑक्साइड घालायचं असेल तर रेणुभार ३८५.८७, म्हणजे २० ग्रॅमला ०.२७५ ग्रॅम, बाकीचे आकडे जवळपास तेच राहतात. पंप ७९० नॅनोमीटरच्या आसपास, उत्सर्जन १.८ ते १.९ मायक्रॉनला. इथे थोडी गर्दी फायद्याची असते, कारण जवळचे दोन थुलियम आयन एका पंप-फोटॉनची ऊर्जा वाटून घेऊन दोन फोटॉन देऊ शकतात. म्हणून थुलियममध्ये १ मोल टक्क्यापर्यंत जायला हरकत नाही.

घासताना निघालेला चिखल गटारात सोडू नका. बादलीत बसू द्या, वरचं पाणी उन्हात आटवा आणि गाळ फुटक्या मुशींसोबत चिठ्ठी लावून बंद डब्यात ठेवा. टाकाऊ काचेचे स्वच्छ तुकडे मात्र वेगळे जपा. पुढच्या वेळी मिश्रणात २० टक्क्यांपर्यंत त्याच प्रमाणाची जुनी काच घातली की वितळणं लवकर सुरू होतं आणि फसफस कमी होते.